बाळू ट्रॅक्टर हजर, सुगंधा गैरहजर

अन्याय झाला तो सुगंधा काळूराम हिलम हिच्यावर. वय तेरा. इयत्ता आठवी. राहणार कासूच्या वरची आदिवासीवाडी, कातकऱ्यांची. लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी, भाताची लावणी आटोपल्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. गणिताच्या ऑनलाइन तासाला. सगळ्या वर्गासमोर.

वेळ मी अंदाजाने सांगत नाही. रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात ती लिहिलेली होती.

मी तिच्या शेजारीच बसले होते. फोन माझ्या हातात होता.

वाडीत रेंज नव्हती. आजही नाही. कासू स्टेशनच्या फलाटाला रोह्याकडच्या टोकाला शेवटचा सिमेंटचा बाक आहे, तिथे दोन-तीन काड्या यायच्या. गाड्या बंद होत्या. मालगाडी तेवढी धडधडत जायची, तेव्हा मी फोन पोटाशी धरायचे आणि पोरी कान झाकायच्या. आमचा वर्ग तो. वर पत्रा, खाली फरशी, बाकावर पाच पोरी. पाचही आठवीच्या, पेणच्या एकाच शाळेच्या. वसतिगृह बंद केलं तशा ट्रंका डोक्यावर घेऊन वाडीवर परत आल्या होत्या. मी अकरावीला. माझे तास होतच नव्हते, म्हणून त्यांना घेऊन बसायचे.

तास चालेल असा फोन वाडीत एकच होता. माझ्या मामाचा. बाळूमामा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानं नाव विचारलं, मामानं हौसेनं सांगितलं, "बाळू ट्रॅक्टर." तेच नाव फोनला, तेच तासाच्या ॲपला. ते बदलता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. तर रोज सकाळी पेणच्या पोरांच्या नावांच्या खाली शेवटचं नाव यायचं: बाळू ट्रॅक्टर. त्या एका नावाच्या मागे पाच पोरी शिकत होत्या. पाचही पटावर गैरहजर.

कॅमेरा मी बंद ठेवायचे. लाज म्हणून नाही. कॅमेरा लावला की आवाज तुटायचा.

त्या मंगळवारी मॅडमनी स्क्रीन शेअर केली. पांढऱ्या पानावर लाल अक्षरांत एक समीकरण. तीन एक्स अधिक बारा बरोबर शून्य. "एक्स किती? पटकन."

कुणी बोलेना. पेणची सगळी पोरं गप्प. कुणाच्या तरी घरातला मिक्सर तेवढा ऐकू येत होता.

सुगंधानं माझ्या मांडीवर बोटानं काहीतरी गिरवलं. मग पुढे वाकली, म्यूट काढलं आणि म्हणाली, "उणे चार."

"बरोबर! कोण बोललं?"

सुगंधा गोंधळली. कोण बोललं हे त्यांना दिसत असणार असं तिला वाटलं होतं.

मॅडमनी नाव वाचलं. "बाळू ट्रॅक्टर?" हसू आलं त्यांना. "अरे बाळू ट्रॅक्टर, तू आठवीत कधीपासून?"

एक पोरगा हसला. मग सगळी. चाळीसेक फोनमधून एकदम हसणं आलं की ते हसण्यासारखं ऐकू येत नाही. टोपलीतून खडी ओतावी तसं येतं.

"कॅमेरा लाव बघू. कोण आहेस कळू दे."

मी लावला. माझा हात. हे मी आजही विसरत नाही.

एका चौकटीत पाच पोरी. मागून डोकावणारी त्यांची दोन लहान भावंडं. कडेला अर्धं कापलेलं माझं डोकं. सुगंधा मधोमध. हसत होती. उत्तर बरोबर आलं होतं ना.

पुढची वाक्यं मी जशीच्या तशी लिहिते. एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही.

"अगं बाई. ही तर वरातच आली."

"कातवडी म्हणून बिळात उंदीर कोंबल्यासारखं बसायचं नाही हं इथे. एका चौकटीत एक तोंड."

"आणि उत्तर तुझं की मागून कुणी फुंकलं?"

सुगंधा म्हणाली, "माझं, मॅडम."

"तुझं नाव यादीत नाही. यादीत जे नाव आहे ते मी लिहिणार. बाळू ट्रॅक्टर हजर. बस्स. आणि हे सगळं रेकॉर्ड होतंय हं, सगळ्यांचे पालक बघतात. उद्यापासून अंघोळ तरी करून या."

मग त्या पुढच्या उदाहरणाला गेल्या.

त्याच पडद्यावर, आमच्या वरच्या चौकटीत, पेणचा एक पोरगा होता. त्याच्या बापाचा गणपतीचा कारखाना. पोरगा कारखान्यातच बसला होता आणि मागे फळ्यांवर एकाला एक चिकटून पांढरे गणपती, रंग न लावलेले, पन्नास तरी. त्याला कुणी म्हणालं नाही, एका चौकटीत एक तोंड.

हे मला तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मी फक्त कॅमेऱ्याचं बटण शोधत होते.

आता माझी चूक सांगते. मॅडमची सांगितली, माझीही सांगायला पाहिजे.

वाडीतली सगळीच पोरं काही फलाटावर येऊ शकायची नाहीत. कुणी शेरडांमागं, कुणी दुसऱ्याच्या शेतावर, कुणाकडे धाकटं पोर. म्हणून मी रोज तासाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करायचे. फोनच्या पडद्यावर जे दिसेल, जे ऐकू येईल, ते सगळं साठवायचं. मग दुपारी चार वाजता समाजमंदिराच्या पायऱ्यांवर फोन उभा करून लावायचं. पोरं दाटीनं बसायची. मला वाटेल तिथे मी थांबवायचे, पुन्हा लावायचे, पायरीवर कोळशानं गणित सोडवून दाखवायचे. खरं सांगायचं तर सकाळच्या तासापेक्षा हा चारचा तास चांगला व्हायचा. थांबवता यायचा ना.

त्या दिवशी लावणार नव्हते. पण धाकट्या पोरांनी आधीच वाडीभर करून टाकलं होतं, "सुगंधानं मॅडमला उत्तर दिला, पेणच्या एकाला पण नाय आला!" आणि चार वाजता काळूरामकाका आला. सुगंधाचा बाप. बांध घालायच्या कामावरून तसाच, कोपरापर्यंत चिखल. आजवर कधी पायऱ्यांकडे फिरकला नव्हता. पुढच्या पायरीवर बसला. हात गुडघ्यांवर उताणे ठेवले, चिखल कुठे लागू नये म्हणून.

"लाव गो," म्हणाला. "माझ्या पोरीचा उत्तर लाव."

सुगंधा माझ्याकडे बघत होती. मान नाही हलवली. नुसती बघत होती.

मी ठरवलं: 'उणे चार' आलं की थांबवायचं. 'बरोबर' एवढं ऐकवायचं आणि थांबवायचं. लावलं. उणे चार आलं. बरोबर आलं. काका हसला. मी बोट दाबलं. फोन सकाळपासून तापलेला, अडकला. पुन्हा दाबलं. आवाज चालूच. बाळू ट्रॅक्टर. हसणं. वरात. कातवडी. उंदीर. अंघोळ. सगळं आलं. बाजूला बायका उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. बाळूमामा होता, त्यानं ऐकलं.

मग फोन थांबला. थांबायचं तेव्हा थांबला नाही, आणि सगळं संपल्यावर थांबला.

काकानं मला विचारलं, "पोर बरोबर बोलली ना?"

"व्हय काका."

"मग मार कशाचा पडला?"

आठवीचं गणित मला येत होतं. हे येत नव्हतं.

"उद्यापासनं नको नेऊ तिला," तो म्हणाला आणि उठला.

मी मागे धावले. "काका, मॅडमची चूक हाय. पोरीची काय चूक?"

"तुझा पण बरोबर हाय," तो म्हणाला. "पण मी रोज मालकाच्या बांधावर ऐकून घेतो ते कशाला? पोरीला ऐकायला लागू नाय म्हणून. तिला पण तेच ऐकायचा असल, तर मग बांधावरच चल म्हणावं. तिथं निदान भात तरी मिळतो."

सुगंधा पायरीवर बसली होती. कोळशानं मी आदल्या दिवशी लिहिलेलं गणित तिथे होतं. ते तिनं तळव्यानं पुसलं. नीट पुसलं, कोपऱ्यापर्यंत. ताट पुसतात तसं.

दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. आमची माणसं वीटभट्टीवर जातात, पाऊस लागायच्या आधी येतात. दर वर्षी सुगंधा वसतिगृहात राहायची, आईबाप भट्टीवर. त्या वर्षी ती त्यांच्याबरोबर गेली.

रेकॉर्डिंगचं काय झालं ते ऐका. मी मामाच्या फोनमधलं त्याच संध्याकाळी पुसलं. लाज वाटली म्हणून. वाटलं, हे जगातून गेलं पाहिजे. मला कळलं नाही की माझ्याकडून गेलं म्हणजे जगातून गेलं असं होत नाही. फक्त माझ्याकडून जातं.

आठवड्याभरात पेणमध्ये तुकडा फिरला. कुणीतरी कापून काढलेला. त्यात उंदीर नव्हते, अंघोळ नव्हती. फक्त आमची चौकट, हसणं, आणि "बाळू ट्रॅक्टर हजर." तेवढंच. पेणहून नागोठण्याला, नागोठण्याहून रोह्याला. बाळूमामा ट्रॅक्टर घेऊन पेट्रोलपंपावर गेला की पोरं ओरडायची, "बाळू ट्रॅक्टर!" आणि दुसरी बाजू ओरडायची, "हजर!" मामा पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा हसला. मग त्यानं पंप बदलला. पुढे मालकाला सांगून गाडीच बदलून घेतली, टेम्पो चालवायला लागला. फोनवरचं नाव काढून नुसतं एक टिंब ठेवलं त्यानं. टिंब.

शाळा उघडल्यावर मी पेणला गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, त्या तासाचं पूर्ण रेकॉर्डिंग दाखवा. म्हणाले, "तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सिस्टीमच तशी आहे. तुझ्याकडे आहे का काही पुरावा?"

नव्हता. मी पुसला होता.

"मग नुसत्या बोलण्यावर मी एका ज्येष्ठ शिक्षिकेवर काय कारवाई करू? आणि तो फिरणारा व्हिडिओ मी पाहिलाय. त्यात तर गंमत आहे, बाळा."

त्या जिन्यावरून उतरताना मला पहिल्यांदा राग आला. तोवर नुसती लाज होती. लाजेनं पाय जड होतात. रागानं नाही होत. जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले, आणि सरळ आमच्या वाड्यांवर काम करणाऱ्या संघटनेच्या ताईंकडे गेले. त्यांनी रडू दिलं नाही. कागद दिला. "लिही. कुणावर, कधी, कुठे. विशेषणं नको." ते माझं पहिलं पत्रक. ते कुणी छापलं नाही. पण लिहायला शिकले.

आता रोह्याची गोष्ट. गेल्या महिन्यातली.

मी एका संस्थेत कंत्राटी शिक्षिका आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांवरच्या पोरांना संस्था ऑनलाइन गणित-विज्ञान शिकवणार. भट्टीवर गेलेल्या पोरांची शाळा तुटू नये म्हणून. काम चांगलं आहे, मी मनापासून करते. संस्थेनं मला सांगितलं, स्क्रीन शेअर करायला आणि तास रेकॉर्ड करायला कोणतं ॲप घ्यायचं ते बघ, तपासून टिपण दे.

मी महिनाभर तपासलं. ऑफिसात बसून नाही. कासूच्या त्याच बाकावर, जिते स्टेशनच्या पुढच्या वाडीवर, दोन भट्ट्यांवर. एक ॲप होतं, फार देखणं. प्रत्येक पोराचा कॅमेरा चालू पाहिजे, एक लॉगिन म्हणजे एक हजेरी, रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे, आणि ते रेकॉर्डिंग राहणार कंपनीकडे. तासाभराची फाइल एवढी जड की भट्टीवर उतरायला बसली तर दिवस मावळतो. दुसरं अगदी साधं. शिकवणाऱ्याची स्क्रीन आणि शिकवणाऱ्याचा आवाज, एवढंच रेकॉर्ड होतं. पोराचं तोंड नाही, नाव नाही. फाइल हलकी, एका फोनवरून दुसऱ्यावर नेटशिवाय जाते. हजेरी पोरांसोबत बसलेल्या माणसानं कागदावर घ्यायची, डोकी मोजून.

मी टिपणात लिहिलं: दुसरं घ्या. कारण लिहिलं: आमच्याकडे एका फोनसमोर पाच पोरं बसतात. पाच म्हणजे पाच. एक नाही.

बैठक रोह्याच्या हॉलमध्ये. संस्थेचे सर, समितीची माणसं, आम्ही कंत्राटी पोरीपोरं मागच्या खुर्च्यांवर. आणि सल्लागार म्हणून कोण आलं? ऑनलाइन अध्यापनातल्या तज्ज्ञ म्हणून ज्यांची ओळख करून दिली, पुष्पगुच्छ दिला, त्याच मॅडम.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. भीती म्हणून नाही. ते नाव मला त्यांच्या समोर उभं राहून घ्यायचं आहे.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? माझं डोकं अर्धंच आलं होतं.

त्या पहिल्या ॲपच्या बाजूनं बोलल्या. शिस्त, चेहरा दिसला पाहिजे, लक्ष आहे का कळलं पाहिजे. "कॅमेरा सक्तीचा नसला तर काय होतं याचा नमुनाच दाखवते. माझ्याकडे त्या काळातले सगळे तास जपून ठेवलेत." लॅपटॉपची स्क्रीन भिंतीवर शेअर केली. फाइल उघडली.

तीन एक्स अधिक बारा बरोबर शून्य.

भिंतीवर. माणसाएवढी सुगंधा. हसणारी. तिच्या कानातली ती लाल खड्याची कुडी मी विसरले होते. ती पण दिसली.

तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं म्हणाले होते.

बाळू ट्रॅक्टर आला. हॉल हसला. समितीतला एकजण म्हणाला, "अरे, हा तोच ना! फेमस!" वरात आली. पुढचं यायच्या आत मी उभी राहिले.

"मॅडम, थांबवा."

त्यांनी थांबवलं. त्यांचा लॅपटॉप चांगला आहे. लगेच थांबतो.

"ते कडेचं अर्धं डोकं माझं आहे," मी म्हटलं.

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि काय केलं असेल? टाळी वाजवली. "अरे वा! म्हणजे माझ्या ऑनलाइन तासातून आज तू शिक्षिका झालीस! बघा, हीच तर यशोगाथा!" आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. त्यांच्यासाठी.

उंदीर म्हणाल्या तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या टाळ्यांनी लागलं. तेव्हा आम्हाला त्यांनी वर्गातून हाकललं होतं. आता आम्हाला खिशात घालत होत्या.

मी विचारलं, "मॅडम, त्या गणिताचं उत्तर कोणी दिलं होतं?"

"कोणत्या?"

"भिंतीवर आहे त्या."

"एवढं कसं लक्षात राहील, बाळा?"

"उणे चार. सुगंधा हिलमनं दिलं. तुम्ही हजेरी ट्रॅक्टरला लावली. ती त्या दिवसापासून शाळेत आली नाही. पुढचं चालवा आता. समितीला सगळं ऐकू द्या. उंदरांचं पण."

त्यांनी लॅपटॉप मिटला.

सर उठले. आमचे सर वाईट नाहीत. म्हणूनच जास्त सांगते. ते म्हणाले, "विषय ॲपचा आहे. भावनेचा नको करूया. तुझं टिपण मी वाचलं, अभ्यास छान केलायस. पण देणगीदारांना मुलांचे चेहरे दिसायला हवे असतात गं. नुसत्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार?"

नुसत्या आवाजावर. भिंतीवरच्या नुसत्या आवाजानं एक पोर भट्टीवर गेली, आणि ते म्हणतात आवाजावर कोण विश्वास ठेवणार.

ठराव तोंडी झाला. पहिलं ॲप. कॅमेरा सक्तीचा. एक लॉगिन, एक हजेरी. सह्या येत्या मंगळवारी.

मी दुसऱ्या दिवशी पनवेलकडच्या भट्टीवर गेले. सुगंधा आता एकोणीस वर्षांची. साच्यात चिखल थापत होती. थांबली नाही, थापता थापताच बोलली. मी सगळं सांगितलं. भिंत, टाळ्या, लॅपटॉप. आणि म्हटलं, "मी त्यांना ती फाइल पुसायला लावणार. तुझं तोंड त्यातून काढायला लावणार. शपथ."

ती साचा उचलत म्हणाली, "त्याच्यात मी अजून दिसते?"

"व्हय."

"केवढी?"

"तेवढीच. तेराची."

"आणि उत्तर? उत्तर पण हाय त्याच्यात?"

"हाय."

तिनं हात थांबवले. पहिल्यांदा.

"मंग पुसायला का सांगतेस, येडी? एकदा तू पुसलास तेव्हा कोण काय देला आपल्याला? माझा उत्तर हाय त्याच्यात. दुसरीकडं कुठं हाय? शाळेच्या वहीत हाय? नाय. बापाकडं हाय? नाय. तेवढ्यातच हाय." साचा ठेवला, नवा चिखल घेतला. "आण ती. समद्यांना दाखव. थांबवू नको मधीच. मी हजर होते ते लिहून घे त्यांच्याकडनं."

मी वाटेत विचार करत आले. इतकी वर्षं मी समजत होते की तिचा अपमान त्या फाइलमध्ये आहे. तिला माहीत होतं की त्याच्यात ती स्वतः आहे.

म्हणून आता जे ठरवलंय ते लिहिते.

ते पहिलं ॲप माझ्या हातानं एकाही वाडीवरच्या फोनमध्ये जाणार नाही. कंत्राट गेलं तर गेलं. एका पोराचं तोंडही मी त्या चौकटीत कापून बसवणार नाही. आमचे तास आमच्या बाकावर होतील, आमच्या आवाजात रेकॉर्ड होतील, आणि कागदावर पाच नावं येतील, पाच. त्या तासाची पूर्ण फाइल मी लेखी मागितली आहे, संस्थेकडे, शाळेकडे, मॅडमकडे. सुगंधाच्या आणि तिच्या बापाच्या सहीनं. काळूरामकाकानं अंगठा नाही दिला. सही केली. वेळ लागला, पण सही केली. मिळाली नाही तर पुन्हा मागेन. पुसली गेली असं म्हणाले तर विचारेन, भिंतीवर मग काय होतं?

आणि आता तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही पेणचे. तुम्ही रोह्याचे. तुमच्यातले काही त्या वर्गात होते, आता कॉलेजात असतील, कंपनीत शिफ्टला जात असतील. काही त्यांचे आईबाप, स्वयंपाकघरात तो तास कानावर पडत होता. तो गणपतीच्या कारखान्यातला पोरगा, तू पण. तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग आलं होतं. मॅडमच म्हणाल्या होत्या, सगळ्यांचे पालक बघतात. तुम्ही 'उणे चार' ऐकलंत. त्यानंतरचं सगळं ऐकलंत. काहीजण हसलात. हसलात याचा जाब मी आज मागत नाही.

जुना फोन कपाटातून काढा. शोधा. कापलेला तुकडा नको, पूर्ण तास. सापडला तर पुसू नका. नाही सापडला तरी या, तुमचे कान आहेत.

येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, रोह्याच्या त्या हॉलमध्ये, सह्या व्हायच्या आत. मी सुगंधाचं नाव पुकारीन. ती भट्टीवरून रजा काढून येणार आहे, ती तिच्या तोंडानं हजर म्हणेल. मग मी तुमच्याकडे वळेन.

त्या तासाला तुम्ही होतात. उभे राहा आणि तसं सांगा.